जनरेटरच्या कट्ट्याबद्दलच्या दोन-स्टार अभिप्रायास आमचे उत्तर

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आपल्या टॉवेल कारखान्यात आम्ही बांधलेल्या जनरेटरच्या कट्ट्याबद्दल आपण दोन स्टार देऊन जे लिहिले आहे, ते लक्षपूर्वक वाचले. आपले म्हणणे थोडक्यात असे की, अडीच टनांच्या यंत्रासाठी मीटरभर खोदाईची गरज नव्हती, कारण त्याच जागेवर सुताच्या गाठींनी भरलेला ट्रक रोज उभा राहतो आणि जमीन कधी खचलेली नाही. आवारात पडून असलेली खडी सोडून आम्ही बाहेरून मुरूम आणला व बिल वाढवले. काँक्रीट झाल्यावरही क्रेन लावू दिली नाही, त्यामुळे भाड्याच्या जनरेटरचा भुर्दंड आपल्याला बसला. आणि इतके करूनही कट्ट्याच्या भोवती उतार राहिला. हेच प्रश्न इतर कारखानदारही आम्हाला विचारतात, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

ट्रकचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या तक्रारी त्यातूनच निघाल्या आहेत. जमीन खचेल अशी भीती आम्हाला नव्हतीच. कट्टा 4 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर जाड आहे. त्याचे स्वतःचे वजन सुमारे 6 टन आणि यंत्राचे अडीच टन धरले, तरी जमिनीवर दर चौरस मीटरला जेमतेम एक टनाचा भार येतो, आणि तेवढा भार कोरडी काळी माती सहज पेलते. आमची भीती खालून वर येणाऱ्या दाबाची होती. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी शोषते तशी फुगते, आणि फुगताना तिचा वर ढकलण्याचा दाब चौरस मीटरला 10 टनांच्याही पुढे जाऊ शकतो. त्यापुढे एक टन म्हणजे काहीच नाही. बहुमजली इमारत आपल्या वजनाने या दाबाला थोडेफार तरी उत्तर देते. हलका कट्टा, कंपाउंडची भिंत किंवा अंगणातली फरशी यांना ते जमत नाही, आणि म्हणूनच इमारत शाबूत पण तिच्या ओट्याला तडे, हा प्रकार आपल्या शहरात नवीन नाही. यंत्र हलके आहे म्हणून पाया उथळ चालेल, हा हिशेब मुरमाड जमिनीवर बरोबर असेल, काळ्या मातीवर तो नेमका उलटा पडतो.

ट्रकखालची जमीन इंचभर वर आली, तर ट्रकही इंचभर वर येतो आणि चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. जनरेटरला मात्र इंधनाची नळी, धुराचा पाइप आणि जाड केबल जोडलेली असते. एक कोपरा उचलला गेला की ताण त्या सांध्यांवर येतो, कंपन शोषणाऱ्या रबरी पॅडवर भार कमी-जास्त वाटला जातो, आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चुकीची दिसू लागते. शिवाय माती सगळीकडे सारखी फुगत नाही. आपल्या कट्ट्याच्या एका बाजूला सांडपाण्याची गटार आहे आणि दुसऱ्या बाजूला तापलेली उघडी जमीन, त्यामुळे तिरपे होण्याचा धोका येथे जास्तच होता.

मंगळवेढ्याच्या शिवारात रब्बीची ज्वारी ज्या ओलीवर उभी राहते, ती ओल महिनोन्महिने धरून ठेवणे हा या मातीचा गुणच आहे. पायाखाली तोच गुण मुळावर येतो. सोलापुरात सर्वात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. आपले काम एप्रिलमध्ये झाले, म्हणजे माती पूर्ण आक्रसलेली आणि भेगाळलेली असताना. त्या दिवसांत ती दगडासारखी टणक लागते आणि पाहणाऱ्याची हमखास फसगत होते.

केवळ अंदाजाने आम्ही खोदाई सांगितली नव्हती. आपल्याच स्टोअरच्या टेबलावर दोन काचेच्या मोजनळ्या ठेवून, वाळवून चाळलेली प्रत्येकी 10 ग्रॅम माती एकीत रॉकेलमध्ये आणि दुसरीत पाण्यात घातली होती, हे आपल्याला स्मरत असेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या नळीत मातीचा थर 10 मिलिलिटरच्या खुणेवर होता आणि पाण्याच्या नळीत 18 वर, म्हणजे फुगवटा 80 टक्के. 50 टक्क्यांच्या वर गेलेली माती हलक्या बांधकामाखाली आम्ही ठेवत नाही. चाचणी-खड्ड्यात सव्वातीन फुटांवर पिवळा मुरूम लागला, म्हणून तिथपर्यंतची काळी माती काढली, आणि कट्ट्याच्या चारही बाजूंनी 60 सेंटिमीटर जास्त काढली. काळी माती याहून बरीच खोल असती, तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असणारे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर जाणारे काँक्रीटचे खांब, सुचवावे लागले असते आणि खर्च कुठल्या कुठे गेला असता.

आता खडी. आपल्याकडची खडी चांगल्या प्रतीची होती, पण नुसत्या खडीत पोकळ्या राहतात. काळ्या मातीतल्या खड्ड्यात खडी किंवा वाळू भरली की आजूबाजूचे पाणी त्यात उतरते, बाजूच्या मातीतून ते लवकर बाहेर पडत नाही, आणि कट्ट्याखाली एक हौदच तयार होतो. चिकटपणा असलेला पण न फुगणारा मुरूम पाणी मारून 15-15 सेंटिमीटरच्या थरांत दाबला की पाण्याला वाट राहत नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. मुरूम सुमारे सहा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागला. प्रत्येक डंपर उतरताना आपल्या सुपरवायझरांची सही घेतलेली आहे आणि त्या पावत्या बिलासोबत दिल्या आहेत.

क्रेनबद्दल फार लिहीत नाही. काँक्रीटच्या कामासाठीच्या भारतीय मानक 456 प्रमाणे उष्ण व कोरड्या हवेत, पीपीसी (राखेसारखे पोझोलाना मिसळलेले) सिमेंट असेल तर, काँक्रीट 14 दिवस ओले ठेवण्याची शिफारस आहे, आणि हा अवधी कोटेशनमध्ये लिहिलेला होता. भाड्याच्या जनरेटरचा खर्च आपल्याला जाचला असणार, हे आम्ही समजू शकतो. परंतु एप्रिलच्या उन्हात कोवळ्या काँक्रीटवर यंत्र ठेवण्याची परवानगी आम्ही कुणालाच दिली नसती.

राहिला उतार. यंत्र ज्यावर बसले आहे तो कट्टा आम्ही चारही कोपऱ्यांवर पाण्याच्या नळीने आणि नंतर पाणसळ ठेवून तपासला. फरक 3 मिलिमीटरच्या आत होता आणि त्या नोंदीवर दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत. आपण फोटोत दाखवलेला उतार कट्ट्याचा नसून भोवतीच्या पट्टीचा आहे. पावसाचे पाणी कट्ट्यापासून दूर जावे म्हणून तो 40 ला 1 असा मुद्दाम दिलेला आहे. कृपया ती पट्टी सपाट करून घेऊ नये, तिच्यावर झाडांच्या कुंड्या ठेवू नयेत, आणि कारखाना धुतल्याचे पाणी त्या बाजूला सोडू नये.

बिलात कपात करावी असे या कामात आम्हाला काही दिसत नाही, त्यामुळे तसे आश्वासन देत नाही. सप्टेंबरचा पाऊस झाल्यावर मात्र त्याच चार कोपऱ्यांची मापे आपल्या समक्ष पुन्हा घेऊ. त्याचे शुल्क लागणार नाही. एप्रिलच्या नोंदीशी ती जुळली नाहीत, तर दुरुस्ती आमच्या खर्चाने होईल. आपल्या सोयीची वेळ दुकानावर कळवावी, ही विनंती.