खुलासा : मॉकली चाचणीत पी कमी आला म्हणून डेटा बाद होत नाही

फोंडा-म्हापशाकडच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मॉकली चाचणीत पी (खरा फरक नसताना असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) 0.05 पेक्षा कमी आला की रिपीटेड मेझर्स अनोव्हा (त्याच माणसांच्या अनेक वेळच्या मोजमापांची तुलना) चालत नाही, डेटा नव्याने गोळा करा. हे खरं नाही.

त्याच माणसांच्या वेगवेगळ्या वेळच्या मोजमापांतल्या फरकांचा व्हेरियन्स (विखुरलेपणा) सारखा दिसत नाही, एवढंच तेव्हा ही चाचणी सांगते. हा सारखेपणा म्हणजे स्फेरिसिटी. त्यावर ग्रीनहाउस-गायसर दुरुस्ती 1959 पासून आहे. समजा 20 जण, प्रत्येकाची 4 मोजमापं. डिग्रीज ऑफ फ्रीडम (पी काढताना लागणारे दोन आकडे) 3 आणि 57. एप्सिलॉन (स्फेरिसिटी किती बिघडली याचं माप) 0.60 आला तर दोन्हींना त्याने गुणायचं: 1.8 आणि 34.2. एफ (अनोव्हाचा मुख्य आकडा) तोच राहतो, पी तेवढा बदलतो. एसपीएसएस या सॉफ्टवेअरच्या तक्त्यात या दुरुस्तीची ओळ ‘स्फेरिसिटी अझ्युम्ड’च्या लगेच खाली असते, नजर वरच्याच ओळीवर थांबते, तिथेच बहुधा घोळ होतो. मोजमापं दोनच असतील, आधी आणि नंतर, तर हा प्रश्नच येत नाही.

(नमुना लहान असेल तर मॉकलीवर फार विसंबूही नये.)

चवथीआधी प्रबंध द्यायचाय म्हणून घाबरून पुन्हा लोकांची दारं ठोठावू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा खुलासा पाठवा.