पीठ फेकून अदृश्य राक्षस मरत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा कल्पित साहसांचा खेळ) खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. अदृश्य राक्षसाला लोळवायचे पाच रामबाण उपाय. पीठ फेकलं की तो दिसतो आणि दिसतच राहतो. तो दिसेपर्यंत कुणी वार करू नये, फुकट जातो. सगळ्यांनी पाठीला पाठ लावून डॉज (स्वतः न मारता फक्त वार चुकवणं) घ्यावा. मशाली पेटवाव्यात, धुकं-धूर टाळावा. एवढं करून नाहीच जमलं, तर फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा स्पेल, म्हणजे मंत्र). आमच्या टिळकवाडीच्या टेबलावर तर हा मेसेज रूलबुकासारखा वाचला जातोय, आणि आमचा डीएम (खेळ चालवणारा, राक्षसांच्या बाजूनं खेळणारा) गालातल्या गालात हसतोय. मी पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम धरून बोलतोय, आम्ही तेच खेळतो. २०२४ च्या पुस्तकात महत्त्वाचा फरक असेल तिथे सांगेन.

सुरुवात दुसऱ्या उपायापासून करतो, कारण पार्टीचं, म्हणजे खेळाडूंच्या टोळीचं, सगळ्यात जास्त वाटोळं त्यानं होतं. राक्षस अदृश्य झाला की तो कुठे आहे हेही कळत नाही, असं नियमात कुठेच नाही. उलट त्याच्या आवाजावरून आणि पावलांच्या खुणांवरून जागा ओळखता येते, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. जागासुद्धा लपवायची असेल तर त्याला हाइड (लपायची) ॲक्शन घ्यावी लागते, स्टेल्थचा म्हणजे चोरपावलांचा फासा टाकावा लागतो, आणि ॲक्शन त्यात गेली की त्या टर्नला मारामारी नाही. म्हणजे ज्यानं आत्ताच तुमच्या फायटरला (लढवय्याला) दोन तडाखे हाणले, तो कुठे आहे ते तुम्हाला बहुतेक वेळा माहीत असतं. फक्त तो दिसत नाही. म्हणून वार डिसॲडव्हान्टेजनं करायचा: दोन फासे टाकायचे, कमी येईल तो धरायचा.

हिशोबच करू. इन्व्हिजिबल स्टॉकर या कायम अदृश्य राक्षसाचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १४. वीसमुखी फाशात मिळवायचा तुमचा बोनस +५ असेल तर एरवी शंभरातले ६० वार लागतात, डिसॲडव्हान्टेजनं ३६ लागतात. हात बांधून बसलात तर शून्य. तो मारून उडून जात असेल (त्याचा उडायचा वेग ५० फूट आहे) तर रेडी ॲक्शन घ्या: ‘त्यानं मला मारलं की त्याच क्षणी मी मारणार.’ एक्स्ट्रा अटॅक त्यात मिळत नाही, एकच वार मिळतो, पण तो अंगाला भिडलेला असताना मिळतो. आणि तो निसटताना ऑपॉर्च्युनिटी अटॅक (फुकटचा वार) मिळेल या भरवशावर राहू नका. त्यासाठी समोरचा दिसावा लागतो.

जागा चुकली तर वार आपोआप हुकतो, आणि डीएम बहुतेक वेळा ‘हुकला’ एवढंच सांगतो, का ते सांगत नाही. म्हणून आमच्याकडे राक्षस शेवटचा जिथे कळला त्या चौकोनात एक रुपयाचं नाणं ठेवतात, आणि नवा आवाज आला की नाणं सरकवतात. आमच्यातला कन्नड बोलणारा रोग (चोराचं पात्र खेळणारा) दर टर्नला ‘एल्लैती?’ म्हणून ओरडतो, ते सुरुवातीला डोक्यात जायचं. आता सगळेच विचारतात. कुठाय ते ठरल्याशिवाय कुणी फासा उचलत नाही.

आता पीठ. ही कल्पना हवेतून आलेली नाही. पाथफाइंडर या वेगळ्या खेळाच्या २०१० सालच्या एका पुस्तकात खडूची भुकटी, पीठ वगैरेंचा नियम खरोखर आहे. भुकटीची पिशवी एका चौकोनावर फेकायची, एसी ५ धरायचा, आणि तिथे कुणी अदृश्य असेल तर तो क्षणभर उघडा पडतो. क्षणभर! त्याच नियमात पुढे म्हटलंय की पीठ जमिनीवर पसरून पावलं बघणं जास्त कामाचं, पण त्यात आख्खा राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) जातो. मेसेज लिहिणाऱ्यानं क्षणभरचं ‘दिसतच राहतो’ करून टाकलं आणि खेळही बदलला. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत पिठाबद्दल काहीही नाही, सगळं डीएमच्या मर्जीवर. डीएमनं ‘पीठ अंगाला चिकटलं, आता तेही अदृश्य’ असं म्हटलं तरी त्याला चूक म्हणता येत नाही, कारण इन्व्हिजिबिलिटी स्पेलमध्ये अंगावरच्या वस्तूही अदृश्य होतात. स्टॉकर तर हवेचाच बनलेला, वर तरंगणारा. जमिनीवर जोंधळ्याचं पीठ पसरा नाहीतर रांगोळी काढा, पाऊल उमटणार नाही. माझं मत: पीठ जवळ असू द्या, जागा शोधायला बरं आहे. वार लागायला त्याची काडीची मदत नाही.

वार लागायला हवी फेअरी फायर. पहिल्या लेव्हलचा स्पेल, २० फुटांचा घन, आणि त्यात सापडलेल्याला अदृश्य असण्याचा फायदाच मिळत नाही. वरच्या हिशोबातले ३६ थेट ८४ होतात, कारण डिसॲडव्हान्टेज जाऊन ॲडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा धरायचा) येतो. अर्थात डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईनं बचावायचा फासा) आहे, आणि स्टॉकरचा बोनस +४. डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १३ असेल तर दहातून सहा वेळा तो सुटतो. तरी दोनदा टाकून बघण्यासारखी आहे. सी इन्व्हिजिबिलिटी या अदृश्य ते दाखवणाऱ्या स्पेलला सेव्ह नाही, पण दिसतं फक्त टाकणाऱ्याला. त्यातही २०१४ चा मजकूर इतका विचित्र आहे की काटेकोर वाचला तर राक्षस दिसत असूनही डिसॲडव्हान्टेज राहतो. यावरून टेबलांवर भांडणं झालीत. २०२४ मध्ये ते सरळ केलंय: ज्याला दिसतं त्याच्यासमोर तो फायदा नाही.

मेसेज धुकं टाळा म्हणतो, मी म्हणतो धुकं आणा. पावसाळ्यात जांबोटी-चोर्ल्याकडनं गाडी हाणलेल्याला हे समजावून सांगायला नको: धुक्यात समोरचा तुम्हाला दिसत नाही, तसे तुम्हीही त्याला दिसत नाही. अदृश्य राक्षसाची सगळी मजा एकतर्फी असते, धुकं पाडणारा फॉग क्लाउड स्पेल ती मोडतो. दोघेही आंधळे झाले की ॲडव्हान्टेज आणि डिसॲडव्हान्टेज एकमेकांना कापतात आणि दोघांनाही साधा फासा. एसी १६ च्या फायटरवर स्टॉकरचे शंभरातले ८० वार लागत होते, ते ५५ वर येतात, आणि तुमचे ३६ चे ६० होतात. पहिल्या लेव्हलचा स्पेल, सेव्ह नाही! किंमत मात्र आहे. मॅजिक मिसाइल, हीलिंग वर्ड असे ‘दिसणारा’ माणूस लागणारे स्पेल धुक्यात बंद. जखमी गड्याला हात लावून क्युअर वूंड्स द्यावी लागते. आणि इम्प या छोट्या सैतानासमोर धुक्याऐवजी डार्कनेस टाकायचा शहाणपणा करू नका, त्याला जादूच्या अंधारातही दिसतं.

मशालींचं काय, उजेड कितीही केला तरी अदृश्य ते अदृश्यच. डॉजचं त्याहून वाईट: हल्ला करणारा तुम्हाला दिसत असेल तरच त्याच्यावर डिसॲडव्हान्टेज बसतो, असं डॉजच्या नियमातच लिहिलंय. म्हणजे पाठीला पाठ लावून पाचही जण टर्न वाया घालवतात. समोर ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी (हल्ला केला तरी न मोडणारी अदृश्यता) घेतलेला जादूगार असेल तर त्याला एका फायरबॉलला एवढा सोयीचा घोळका शोधून सापडायचा नाही.

आणखी एक. मेसेजात सगळे अदृश्य राक्षस एकाच मापाचे. स्टॉकर जन्माचाच अदृश्य, पण इम्प आणि डुएर्गार (पाताळातले बुटके) हल्ला केला की दिसतात, आणि त्यांचं कॉन्सन्ट्रेशन (जादू टिकवायची एकाग्रता) मोडता येतं. कुणी दुसऱ्यानं राक्षसावर स्पेल टाकला असेल तर तो दुसरा बहुतेक वेळा मागे उघडाच उभा असतो, त्याला धरा. मार बसला की त्याला डीसी १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मे, यातलं मोठं असेल त्यावर सेव्ह करावी लागते.

राहिला फायरबॉल. यातला अर्धा भाग खरा आहे: त्याला लक्ष्य दिसावं लागत नाही, नेमका चौकोनही लागत नाही. पण ८ सहामुखी फासे म्हणजे सरासरी २८, सेव्ह झाली तर १४, आणि स्टॉकरचे एचपी (किती मार सोसेल तो आकडा) १०४. त्यातून २० फूट त्रिज्या म्हणजे आरपार ४० फूट. स्टॉकर जवळ येऊनच मारतो, तेव्हा त्या ४० फुटांत आपला फायटर असतो, त्याला सावरायला धावलेला क्लेरिक असतो, आणि मेसेजवर विसंबून पाठीला पाठ लावलेले बाकीचेही असतात.