आपल्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायास उत्तर: गंजलेले गळ आणि भाट्याची पुळण

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानातून ८५० रुपयांना घेतलेल्या ६० ग्रॅमच्या पॉपरबद्दल (पाण्यावर तरंगणारे खोटे आमिष) आपण तीन तक्रारी लिहिल्या आहेत: रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, तीन दिवस गरवूनही एकही मासा लागला नाही, पॉपर लाटेत उलटापालटा होत होता आणि दुसऱ्याच दिवशी गळ गंजले. शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक पूर्णपणे आमची आहे.

आपण जोडलेल्या फोटोत मागच्या रिंगपासून पांढऱ्या रंगावर उतरलेला तांबूस ओघळ स्पष्ट दिसतो. त्या पॉपरसोबत आलेले ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) गोड्या पाण्यातल्या मासेमारीचे होते. ते काढून कथिलाचा मुलामा दिलेले, जाड तारेचे गळ बसवून देणे, निदान तसे सांगणे, हे आमचे काम होते. गरवून आल्यावर पॉपर गोड्या पाण्याने धुवावा हे खरे, पण एका रात्रीत गंजणाऱ्या गळाचा दोष मी आपल्या न धुण्यावर ढकलणार नाही.

उलटापालटा होण्यातही आमचा वाटा आहे. आपल्याला दिलेला पॉपर रुंद, खोलगट तोंडाचा होता. कातळावरून किंवा होडीतून खोल पाण्यात टाकला, तर झटक्यासरशी तो पाणी पुढे ढकलतो आणि मोठा ‘बुडुक’ आवाज करतो. मासा वर येतो तो त्या आवाजाने. पुळणीवरून समोरच्या वाऱ्यात फेकताना मात्र वारा त्याच तोंडात भरतो, पॉपर गिरक्या घेत अलीकडेच, फुटलेल्या लाटेच्या फेसात पडतो आणि त्या फेसात बरीच हवाच असल्याने तोंडाला धरायला पाणी मिळत नाही. त्यातच मागची लाट त्याला आपल्याकडे लोटते, लाइन सैल पडते आणि तो आडवा होतो. आपल्या पॉपरच्या पोटावरचे बारीक ओरखडे पाहता तो वाळूवरून घासत आलेला दिसतो. पुळणीसाठी निमुळता, शेपटीकडे वजन असलेला पेन्सिल पॉपर द्यायला हवा होता. तो लांब जातो आणि रॉडचे टोक नुसते हलवत ठेवले तरी पाण्यावर नाचतो. ‘कुठे गरवणार?’ हा एक प्रश्न आम्ही विचारला असता, तर हे टळले असते. कोणताही पॉपर असला तरी तो फुटणाऱ्या लाटेच्या पलीकडे टाकावा, लाट त्याच्याखालून जाऊ द्यावी, सैल लाइन गुंडाळून घ्यावी आणि मगच झटका द्यावा.

मासा न लागल्याची तक्रार मात्र मला मान्य करता येत नाही. ‘रत्नागिरीत जीटी (जायंट ट्रेव्हली हा मोठा मासा) मिळतो’ असे दुकानात माझा पुतण्या आपल्याला म्हणाला आणि ते खरे आहे. पण तो अधिक करून कातळाच्या कडेला, ओढ असलेल्या पाण्यात. आपण सकाळी दहा ते दुपारी एकपर्यंत गरवल्याचे लिहिले आहे आणि ते तीन दिवस अष्टमीच्या भांगाचे होते. भांगाला पाणी फारसे चढत नाही की उतरत नाही. माझे वडील जिवंत कोळंबी लावून गरवत, पण अष्टमीला गरी घेऊन घराबाहेर पडत नसत. पुन्हा येणे झाले, तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, उजाडताना किंवा दिवस कलल्यावर, पाणी वाहते असताना काजळी नदीच्या मुखाशी उभे राहून पाहावे. तिथे जिताड्याचीही आशा धरता येते. पाणी गढूळ असेल तर पॉपर पिशवीतच राहू द्यावा.

पॉपर आमच्या खर्चाने कुरियरने परत पाठवावा. त्याऐवजी ४० ग्रॅमचा पेन्सिल पॉपर चांगल्या गळांसह पाठवतो, किंवा पूर्ण रक्कम परत करतो, निवड आपली. दुकानात कातळाचे आणि पुळणीचे पॉपर कालपासून वेगवेगळ्या खोक्यांत ठेवले आहेत.

आपला,
दुकानाचा मालक