कोवळ्या उन्हाबद्दल: ‘एक नाशिककर’ यांना उत्तर

नमस्कार. हिवाळ्यातल्या ड जीवनसत्त्वावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगते. सकाळचं कोवळं ऊन थंडीत पुरत नाही, घ्यायचं तर अकरा ते दोनच्या मधलं घ्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: “आमचे आजोबा पंचवटीत रोज सकाळी सातला ओट्यावर उन्हाला बसायचे. नव्वदी पार केली, गुडघा कधी दुखला नाही. घरात बसून चार गोष्टी वाचायच्या आणि लोकांना घाबरवायचं, हा तुमच्यासारख्या बायकांचा नवा उद्योग झालाय.” पुढे गोळ्यांच्या कंपन्या, तपासणीचा खर्च, बाजरी-तिळाला मी एका ओळीत उरकलं ही तक्रार आणि मी डॉक्टर आहे का, असंही बरंच काही आहे.

“तुमच्यासारख्या बायकांचा” हे लिहायची काय गरज होती? मुद्दा उन्हाचा होता. माझं म्हणणं चुकीचं वाटत असेल तर तसं लिहा, खोडून काढा, मी वाचेन. पण लिहिणारी बाई आहे आणि घरात असते, यावरून उन्हाचं गणित बदलत नाही. हेच एखाद्या पुरुषाने लिहिलं असतं तर तुम्ही “साहेब, जरा वेगळं मत मांडतो” अशी सुरुवात केली असती, याची मला खात्री आहे. शिवाय लेख तुम्ही पूर्ण वाचलेला नाही. वाचला असता तर गोळ्या मनाने घेऊ नका, हा अख्खा परिच्छेद तुम्हाला दिसला असता. शीर्षक पाहिलं आणि हात शिवशिवले, असंच वाटतं.

मी घरात बसून वाचलं, हे खरं आहे. का वाचलं तेही ऐका. माझी आई इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहायची. थंडीत रोज सकाळी अंघोळ झाली की शाल गुंडाळून हॉलच्या सरकत्या काचेमागे खुर्ची टाकून बसायची. ऊन अंगावर यायचं, पेपर वाचून व्हायचा. तुमच्या आजोबांइतकीच नेमाने बसायची. तरी तिच्या मांड्या आणि कंबर दुखायची. आधी जिना चढताना कठड्याला धरायला लागली, मग देवापुढे मांडी घातली की उठता येईना. एक हात जमिनीवर, एक हात पाटावर, आणि मग मी मागून काखेत हात घालून उचलायची. एका डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी संधिवात म्हणून मलम दिलं. तिसऱ्यांनी रक्त तपासलं, तेव्हा ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे ९ नॅनोग्रॅम निघालं. २०च्या खाली गेलं की कमतरता धरतात. हाडं मऊ पडलेली, मांड्यांचे स्नायू कमजोर. त्यांनी आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची पावडर आणि सोबत कॅल्शियम दिलं. काही महिन्यांनी ती पाटावरून आपली आपण उठली. ही घाबरवण्याची गोष्ट आहे का? मला तर ती दिलासा देणारी वाटते, कारण आजार साधा होता आणि तो ओळखायलाच इतका उशीर झाला होता.

आता तुमचं सकाळी सातचं ऊन. जानेवारीत नाशिकला सूर्यच सातच्या पुढे उगवतो. आजोबा सातला बसत असतील तर थंडीत बराच वेळ ते उजाडण्याची वाट बघत असणार. आणि उगवल्यावरही काय? कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते उन्हातल्या २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांमुळे. सूर्य खाली असला की या किरणांना वातावरणातून तिरकं, लांबचं अंतर कापावं लागतं आणि वाटेत ओझोन त्यांना शोषून घेतो. ऊब मिळते, उजेड मिळतो, पण ज्याच्यासाठी बसायचं ते किरण नावापुरतेच येतात. काचेमागे तर तेही येत नाहीत, साधी काच त्यांना अडवते. आईचं नेमकं हेच झालं होतं.

माझ्यावर विश्वास नसेल तर गच्चीवर जाऊन आपली सावली बघा. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ऊन कामाचं, असा एक ढोबळ नियम आहे. मी आणि आईने डिसेंबरच्या अखेरीला हे करून पाहिलं. ती गच्चीच्या मधोमध उभी राहिली आणि मी सावलीच्या टोकाशी खडूने रेघ मारली. साडेआठला सावली तिच्या उंचीच्या तिपटीहून लांब, पार टाकीपर्यंत गेलेली. दहाला दीडपट. साडेबारा-पावणेएकला उंचीपेक्षा जेमतेम आखूड, एवढीच. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांवर आहे. डिसेंबरात सूर्य भर माध्यान्हीलाही साडेशेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो. आणि आपल्याकडे माध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसते, साडेबारा उलटून गेल्यावर असते, कारण देशाचं घड्याळ आपल्या बऱ्याच पूर्वेच्या, प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखांशाचं आहे. म्हणून मी अकरा ते दोन लिहिलं, आणि त्यातही मधला तास उत्तम. हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवून अर्धा तास. स्वेटर, कानटोपी, मोजे घालून बसलं तर शेक मिळेल, बाकी काही नाही. आपली कातडी सावळी, तिला वेळ जास्त लागतो. साठीनंतर कातडीची ताकदही कमी होते, तेव्हा आणखी जास्त.

मग आजोबा ठणठणीत कसे? तुमच्या घरातल्या वयस्कर माणसांना विचारा, आजोबा ओट्यावरून उठल्यावर दिवसभर काय करायचे. पायी बाजारात जायचे का? रामकुंडावर जायचे का? शेत, मळा, दुकानाची फळी, उघड्या अंगाने अंगणात काम, यातलं काही होतं का? त्या पिढीच्या अंगावर दुपारचं ऊन आपसूक पडायचं. त्याला कुणी ऊन घेणं म्हणायचं नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. लक्षात राहतो तो ओटा. आज अंबडला किंवा सातपूरला कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा माणूस अंधारात बस पकडतो आणि दुपारभर पत्र्याखाली असतो. त्याच्या बायकोच्या फ्लॅटमध्ये समोरच्या विंगची सावली असते. त्यांना आजोबांचा दाखला देऊन काय उपयोग? निफाडकडे द्राक्षबागेत भर दुपारी काम करणाऱ्या बाईला हा लेख लागू नाही, तेही मी लिहिलं होतं. तुम्ही वाचलं नाहीत.

बाजरी-तिळाचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. त्यांना मी एका ओळीत उरकलं, ते बरोबर झालं नाही. तीळ आणि नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं आणि ते नसेल तर नुसत्या ड जीवनसत्त्वाने हाडं भरत नाहीत. संक्रांतीच्या आसपास तिळाच्या वड्या, नाचणीची भाकरी जरूर खा. पण यात ड जीवनसत्त्व नसतं. ते बांगड्यासारख्या तेलकट माशांत असतं, अंड्याच्या बलकात थोडं. एका बलकात साधारण ४० युनिट, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० धरलेली आहे. शाकाहारी घरात, ड जीवनसत्त्व वरून घातलेलं दूध सोडलं तर, जवळजवळ सगळी भिस्त उन्हावरच.

कंपन्यांकडून मला काही मिळतं का? नाही. तपासणीचा खर्च हा वेगळा विषय आहे, तो इथे नको. मी डॉक्टर नाही, हे लेखाच्या दुसऱ्याच ओळीत आहे. आणि ज्यांना उन्हाने अंगावर चट्टे येतात किंवा उन्हाला जपायला लावणारी औषधं चालू आहेत, त्यांनी माझं न ऐकता आपल्या डॉक्टरांचं ऐकावं, हेही तिथेच आहे. ती ६०,०००ची पावडर रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम वाढवून बसणारी माणसं असतात. ती आठवड्याची आहे, रोजची नाही, हे मी तेव्हाही ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. लेखाखाली राहू दे, लोक दोन्ही वाचतील. पुढे लिहायचं असेल तर सावली मोजून आकडे लिहा, मी माझ्या आकड्यांशेजारी लावीन. “तुमच्यासारख्या बायका” असं पुन्हा आलं तर ते मात्र छापणार नाही.