ताई, ही रेघ अनुस्वारासारखी नाही, मात्रेसारखी आहे

ताई, नमस्कार.

स्पॅनिशच्या आघातचिन्हांवरच्या, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा हे दाखवणाऱ्या, स्वरावरच्या तिरक्या रेघांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. मुलीचे सहा गुण निव्वळ ‘अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघां’पायी गेले. स्पॅनिश माणसं स्वतः मेसेज टाकताना त्या रेघा देत नाहीत. आणि १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी मराठीतले उच्चार न होणारे अनुस्वार गेले, त्याने मराठीचं काही बिघडलं नाही. मग स्पॅनिशने एवढा बाऊ का करावा?

अनुस्वाराचा मुद्दा खरोखर विचार करण्यासारखा आहे. ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ यांवरचे अनुस्वार गेले, कारण ते लिहिण्यात होते पण बोलण्यात उरले नव्हते. स्पॅनिशची तिरकी रेघ जिथे असते, तिथला जोर मात्र कानाला स्पष्ट ऐकू येतो. म्हणून तिची तुलना आपल्या मात्रेशी करून पाहा. ‘आलो’वरची मात्रा काढली की ‘आला’ उरतं. मी जाऊन तिथे तो येतो. ‘आब्लो’चं तसंच आहे. जोर पहिल्या अक्षरावर (अक्षर म्हणजे इथे उच्चाराचा एक तुकडा, जसं आब्-लो) असेल तर अर्थ ‘मी बोलतो’. शेवटच्या ‘ओ’वर रेघ दिली, जोर तिथे गेला, की ‘तो बोलला’. आपल्यासारखंच स्पॅनिशमध्येही ‘मी’, ‘तो’ बहुतेक वेळा गाळतात, त्यामुळे कोण बोललं आणि कधी, हे दोन्ही त्या रेघेनेच कळतं. ‘तेर्मिनो’चे तर तीन शब्द होतात: जोर सुरुवातीला असला तर ‘संज्ञा’, मध्ये असला तर ‘मी संपवतो’, शेवटी असला तर ‘त्याने संपवलं’. (देवनागरीत लिहिताना हे तिन्ही सारखेच दिसतात. म्हणूनच मी वर्गात मुलांना स्पॅनिश शब्द देवनागरीत उतरवू देत नाही.)

आता गुणांबद्दल. मूळ नियम छोटा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, ‘न’ किंवा ‘स’ असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. बाकी सगळ्या शब्दांत शेवटच्या अक्षरावर. जो शब्द हे मोडतो, त्याच्यावर रेघ. म्हणजे रेघ नसली, तरी जोर कुठे द्यायचा हे कागदावर सांगितलेलं असतंच. मुलीने रेघ गाळली, की तिने वेगळा उच्चार लिहिला असं होतं. ‘होवेन’ (हो-वेन, दोनच अक्षरं) म्हणजे तरुण. शेवटी ‘न’, जोर ‘हो’वर, रेघ नको. अनेकवचन ‘होवेनेस’. एक अक्षर वाढलं, पण जोर ‘हो’वरून हलत नाही, म्हणून आता ‘हो’वर रेघ हवी. ‘कान्सिओन’ म्हणजे गाणं, त्याचं उलट: एकवचनात रेघ आहे, ‘कान्सिओनेस’ झालं की जाते. मुलं इथेच हमखास चुकतात, आणि पाठांतराने हे सुटत नाही.

मराठीत जोर बदलल्याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तो टिपायला शिकलेलाच नसतो. कधीही न ऐकलेला शब्द नुसता वाचून बरोबर म्हणता यावा, ही सोय इंग्रजी देत नाही, स्पॅनिश देते. तीच आपण मुलांना ‘रेघा सोड’ म्हणून काढून घ्यायची का?

मेसेजचं तुमचं निरीक्षण खरं आहे, घाईत पुष्कळ जण रेघ देत नाहीत. पण त्यांना तो शब्द लहानपणापासून ऐकून ठाऊक असतो. तुमच्या मुलीला तो पहिल्यांदा कागदावरच भेटतोय.

एका बाबतीत मात्र तुमची अनुस्वाराची तुलना तंतोतंत लागू पडते. ‘सोलो’ म्हणजे ‘एकटा’ आणि ‘सोलो’ म्हणजे ‘फक्त’. दोन्हींचा उच्चार एकच. ‘फक्त’वाल्यावर पूर्वी रेघ देत. स्पॅनिश अकादमीने २०१०च्या लेखननियमांत ती न देण्याचा सल्ला दिला, आणि २०२३मध्ये स्पष्ट केलं की, घोटाळा होईल असं लिहिणाऱ्याला वाटलं तर तो ती देऊ शकतो. माझ्या लेखात ती नेहमीच आवश्यक असल्याचं वाक्य होतं. ते चूक होतं, आज दुरुस्त केलं आहे.

तेव्हा त्या सहा गुणांत ‘सोलो’चा एखादा असेल, तर शिक्षकांशी जरूर बोला. उरलेले शब्द मुलीला मोठ्याने म्हणायला लावा, आणि जोराच्या अक्षराला टेबलावर टिचकी मारायला सांगा. आधी एकवचन, लगेच अनेकवचन. आठवडाभर रोज दहा शब्द करून पाहा. तरीही काही अडलं तर ते शब्द इथेच लिहा, मी एकेक करून पाहीन.