मिक जॅगर नट म्हणून कळायचा असेल तर त्याच्या मैफली पडद्यावर पाहा

रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा गायक मिक जॅगर याला अभिनय येत नाही, हे वाक्य मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आलोय. रॉक ऐकणारे म्हणतात, सिनेमावालेही म्हणतात. पुरावा म्हणून दर वेळी १९७० चा 'नेड केली' पुढे केला जातो. ऑस्ट्रेलियातल्या एका दंतकथा झालेल्या दरोडेखोराच्या भूमिकेत लंडनचा रॉक गायक घेतला म्हणून तिथे लोक चिडले होते, आणि चित्रपट पाहिल्यावर त्यांचा राग मला पटतो. दाढी आहे, आयरिश उच्चारांची खटपट आहे, बंदूक आहे, आणि या सगळ्यामागे जॅगर कुठेच नाही.

पण या एका चित्रपटावरून निकाल लावणाऱ्यांशी माझं भांडण आहे. साठ वर्षं कॅमेरा या माणसाच्या मागे आहे. गोदार, निकोलस रोग, मेझल्स बंधू, हरझॉग, हॅल अ‍ॅशबी, स्कॉर्सेसी अशा दिग्दर्शकांनी त्याला टिपलंय. इतक्या वेगवेगळ्या नजरांखालून गेलेला दुसरा रॉक गायक मला आठवत नाही. त्याचं पडद्यावरचं खरं काम मैफलींच्या आणि तालमींच्या चित्रणात आहे. ते आपण 'गाण्याचं रेकॉर्डिंग' म्हणून बाजूला ठेवतो, आणि नट म्हणून त्याला मोजताना फक्त कथापट धरतो. मला हा त्याच्यावरचा अन्याय वाटतो.

सुरुवात १९६४ पासून करू. ऑक्टोबर महिना, कॅलिफोर्नियातलं सांता मोनिका, 'द टी.ए.एम.आय. शो' या मैफलीच्या चित्रपटाचं चित्रीकरण. चक बेरी, मार्विन गे, सुप्रीम्स, बीच बॉईज अशी यादी, आणि समारोपाला रोलिंग स्टोन्स. त्यांच्या आधी सोल गायक जेम्स ब्राऊन. ब्राऊन गुडघ्यांवर कोसळतो, साथीदार खांद्यावर झूल टाकून त्याला आत न्यायला लागतात, तो ती झूल झटकून पुन्हा माइककडे धावतो. परत कोसळतो, परत धावतो. सभागृह वेडं झालेलं असतं. चित्रपटात यानंतर लगेच एकवीस वर्षांचा जॅगर येतो. बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने पुढे सांगितलंय की ब्राऊननंतर जायला तयार होणं ही चूकच होती. मला मात्र तो भाग फार आवडतो. जॅगरच्या अंगात अजून ते नाचणं मुरलेलं नाही. पाय कुठे टाकायचे हे तो आपल्यासमोर शोधतोय, आणि तरी मागे हटत नाही. पन्नास वर्षांनी, २०१४ मध्ये, याच माणसाने जेम्स ब्राऊनच्या आयुष्यावरच्या 'गेट ऑन अप' या चित्रपटाची निर्मिती केली. त्याच वर्षी ब्राऊनवरच्या एका माहितीपटाचाही तो निर्माता होता. ऋण मान्य करायची ही रीत मला मनापासून भावते.

मग जून १९६८. लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत गोदार कॅमेरा घेऊन आला. 'वन प्लस वन'मधले राजकीय प्रवेश मला आज कंटाळवाणे वाटतात, ते मी स्पष्टच सांगतो. पण स्टुडिओतले लांबलचक शॉट! एक संथ, गिटारवरचं गाणं काही दिवसांत सांबाच्या ठेक्यावर कसं जातं, ते टप्प्याटप्प्याने दिसतं. याच दिवसांत रॉबर्ट केनेडींची हत्या झाली आणि गाण्यातली एक ओळ त्यासाठी बदलली गेली. जॅगर स्टुलावर बसलेला असतो, साथीदारांना जागा दाखवत, तीच ओळ पुन्हा म्हणत, पुन्हा फसत. एका कोपऱ्यात आडोशामागे ब्रायन जोन्स गिटार घेऊन बसलाय, आणि त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही. बँड स्थापन करणारा माणूस बँडमधून हळूहळू कसा पुसला जातो, हे गोदारने एकही शब्द न बोलता नोंदवलं. वर्षभरात, ३ जुलै १९६९ ला, ब्रायन गेला. दोन दिवसांनी हाईड पार्कमध्ये जॅगरने पांढऱ्या झालरीच्या अंगरख्यात उभं राहून कवी शेलीच्या शोककाव्यातल्या ओळी वाचल्या, तेही चित्रण उपलब्ध आहे. ते दोन्ही तुकडे एकापाठोपाठ पाहावेत असं मी प्रत्येकाला सांगतो.

कथापटांत एक अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. १९६८ मध्येच चित्रित झालेला 'परफॉर्मन्स', दिग्दर्शक डोनाल्ड कॅमल आणि निकोलस रोग. वॉर्नर ब्रदर्स बिचकले, त्यांनी तो १९७० पर्यंत अडकवून ठेवला. जॅगर यात टर्नर झालाय. लंडनच्या एका घरात स्वतःला कोंडून घेतलेला, गाणं हरवून बसलेला रॉक गायक. त्याच्याकडे एक गुंड लपायला येतो (जेम्स फॉक्स, काय अफाट काम!), आणि हळूहळू दोघांच्या ओळखी एकमेकांत मिसळतात. जॅगरची तेव्हाची मैत्रीण, गायिका मरियान फेथफुलने लिहिलंय की टर्नर उभा करताना ब्रायन आणि कीथ यांच्या स्वभावातून घे, असं तिने जॅगरला सुचवलं होतं. ते दिसतं. ही भूमिका चालली कारण इथे त्याला परका माणूस व्हायचं नव्हतं. गाणं संपलं तर आपण कोण उरतो, या भीतीला त्याने चेहरा दिला.

आता 'गिमी शेल्टर' हा माहितीपट.

अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स हे भाऊ १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात बँडबरोबर होते. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला जॅगर दिसतो. डोक्यावर अंकल सॅमची उंच टोपी, अंगात काळा शर्ट, सगळं त्याच्या मुठीत. आणि मग ६ डिसेंबर, कॅलिफोर्नियातलं अल्टामाँट. फुकट मैफल, जागा अगदी शेवटच्या क्षणी बदललेली, सुमारे तीन लाख लोक, जेमतेम कमरेएवढ्या उंचीचा मंच, आणि मंचाभोवती हेल्स एंजल्स ही मोटरसायकलवाल्यांची टोळी. दुपारपासूनच मारामाऱ्या चालू होत्या. जेफर्सन एअरप्लेन या बँडच्या मार्टी बॅलिनला तर मंचावरच ठोसा बसला. रात्री स्टोन्स गात असताना मेरेडिथ हंटर हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मंचापासून हाकेच्या अंतरावर भोसकला गेला. त्याच्या हातात पिस्तूल होतं. पुढे खटल्यात एंजल्सपैकी आरोपी स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सुटला, आणि ज्युरीने पाहिलेल्या पुराव्यात हेच चित्रण होतं.

मंचावरचा जॅगर इथे वेगळाच आहे. गाणं थांबवून तो लोकांना शांत व्हा म्हणतोय, विनवतोय, आणि कुणी ऐकत नाहीये. दौराभर ज्या माणसाच्या एका हाताच्या इशाऱ्यावर हजारो लोक हलत होते, त्याचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोचत नाही. त्याचे डोळे पाहा. त्याला कळलंय.

पण चित्रपट महान होतो तो संकलनाच्या खोलीमुळे. स्टोन्सना चित्रण दाखवायचं आणि ते पाहतानाच त्यांना टिपायचं, ही कल्पना सहदिग्दर्शक आणि संकलक शार्लट झ्वेरिनची. त्यामुळे आपण जॅगरला पाहणाऱ्या जॅगरला पाहतो. स्वतःच्या पत्रकार परिषदेतली चमकदार उत्तरं ऐकून तो पुटपुटतो, 'रबिश'. शेजारी ड्रमवादक चार्ली वॉट्स, चेहऱ्यावर सगळं उघडं. आणि मग ते दृश्य येतं. जॅगर डेव्हिडला रीळ मागे घ्यायला सांगतो. डेव्हिड चित्र थांबवून दाखवतो: हे बघ हंटरचं पिस्तूल, त्याच्या सोबतच्या मुलीच्या फिक्या कपड्यावर काळं उठून दिसतंय. हा बघ सुरा. जॅगर फार काही बोलत नाही. काही वेळाने उठतो, निघतो, आणि दाराकडे जाताना त्याच्या चेहऱ्यावर चित्र गोठतं.

त्या चेहऱ्यावर दुःख आहे का, अपराधीपणा आहे का, की काहीच नाही, यावर लोक पन्नास वर्षं वाद घालतायत. पॉलीन केलसारख्या समीक्षिकेने तेव्हा चित्रपटावर सडकून टीका केली. एका मुलाच्या मरणाचा तमाशा केला, हा आरोप आजही होतो. मी तो आरोप हलक्यात घेत नाही. हंटरचं नाव त्या दिवसाच्या गोष्टीत फार कमी वेळा घेतलं जातं आणि हे लाजिरवाणं आहे. तरीही मला वाटतं की झ्वेरिनच्या रचनेमुळे चित्रपट तमाशा होण्यापासून वाचला. तिने मृत्यू पडद्यावर वेग देऊन, संगीत लावून दाखवला नाही. तिने तो टेबलावर मांडला आणि विचारलं, हे घडताना तू तिथे होतास, आता बघ. कुठल्याही पटकथाकाराने जॅगरला इतका कठीण प्रवेश दिला नाही.

यानंतर त्याचा एक सगळ्यात चांगला ठरू शकला असता असा चित्रपट होता होता राहिला. हरझॉगच्या 'फिट्झकराल्डो'मध्ये तो नायकाचा सोबती विल्बर होता आणि नायक होता जेसन रोबार्ड्स. पेरूच्या जंगलात सुमारे चाळीस टक्के काम झाल्यावर रोबार्ड्स आजारी पडला आणि डॉक्टरांनी परतायला मनाई केली. जॅगरला बँडच्या दौऱ्यासाठी जाणं भाग होतं. हरझॉगने नवा नायक म्हणून क्लाउस किन्स्की घेतला, पण विल्बरची जागा दुसऱ्या कुणालाही दिली नाही. ती भूमिकाच काढून टाकली. लेस ब्लँकच्या 'बर्डन ऑफ ड्रीम्स' या माहितीपटात त्याचा एक तुकडा उरलाय. चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यावर रोबार्ड्स ओरडतोय आणि बाजूला जॅगर वेड्यासारखा उसळतोय. जेमतेम काही क्षण, पण 'नेड केली'च्या सबंध लांबीपेक्षा त्यात जास्त नट आहे.

पुढच्या भूमिकांवर फार थांबावंसं वाटत नाही. 'फ्रीजॅक' विसरण्यासारखा. 'बेंट'मधली बर्लिनच्या कॅबरेतली, स्त्रीवेशात गाणारी ग्रेटा छोटी पण ठसठशीत. 'द मॅन फ्रॉम एलिसियन फील्ड्स'मध्ये श्रीमंत बायकांना सोबती पुरवणारा ल्युथर फॉक्स त्याने थकलेल्या, गोड आवाजात छान केलाय. आणि २०१९ च्या 'द बर्न्ट ऑरेंज हेरेसी'मधला चित्रसंग्राहक, ज्याचं हसू पाहून अंगावर काटा येतो. त्याच वर्षी त्याच्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया झाली होती आणि उन्हाळ्यात तो पुन्हा मंचावर नाचत होता.

७ एप्रिल २००३ ला स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले. मी मागच्या बाजूला होतो. मंचावरचा खरा जॅगर बोटाएवढा दिसत होता, म्हणून आम्ही सगळे मोठ्या पडद्याकडे बघत होतो. माणूस समोर असताना त्याचं चित्र बघायचं, याचं तेव्हा वाईट वाटलं. पण त्या रात्रीपासून मैफल पडद्यावर कशी आणावी, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. हॅल अ‍ॅशबीने १९८१ च्या दौऱ्यावर केलेला चित्रपट नेमका इथेच कमी पडतो. स्टेडियम भव्य, रंग झगझगीत, कॅमेरे भरपूर, आणि माणूस सापडत नाही.

स्कॉर्सेसीने २००६ मध्ये उलटी वाट धरली. न्यूयॉर्कचं बीकन थिएटर, तुलनेने लहान सभागृह, आणि उत्तमोत्तम छायाचित्रकारांची फौज. त्यात म्हातारे अल्बर्ट मेझल्सही होते. 'शाइन अ लाइट'मध्ये त्रेसष्ट वर्षांच्या जॅगरच्या गळ्याच्या शिरा दिसतात, दोन गाण्यांमध्ये घेतलेला श्वास ऐकू येतो. मध्येच १९७२ ची एक जुनी मुलाखत येते. साठीला पोचल्यावर हे करताना स्वतःला पाहू शकतोस का, असं टीव्ही मुलाखतकार डिक कॅव्हेट विचारतो आणि जॅगर म्हणतो, हो, सहज. ब्लूज गायक-गिटारवादक बडी गाय गायला येतो तेव्हा जॅगरच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला १९६४ च्या सांता मोनिकात घेऊन जातं. पोरगा पुन्हा शिकायला उभा आहे.

आणि २५ मार्च २०१६ चं हवाना. क्युबात रॉक संगीताकडे सरकारने वर्षानुवर्षं संशयाने पाहिलं होतं. तिथे लाखो लोकांसमोर फुकट मैफल झाली, जॅगर स्पॅनिशमध्ये बोलला, आणि 'हवाना मून' या त्या मैफलीवरच्या चित्रपटाच्या कॅमेऱ्याने गर्दीतल्या साठी-सत्तरीच्या लोकांचे चेहरे सोडले नाहीत. चोरून ऐकलेलं गाणं समोर उभं राहिलेलं पाहणारे ते चेहरे. बहात्तर वर्षांचा जॅगर त्यांच्यासाठी जीव तोडून धावतो.

एक चित्रपट मात्र अजूनही आपल्यापर्यंत नीट पोचलेला नाही. १९७२ च्या दौऱ्यावर छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकने केलेला. त्याचं नाव इथे लिहिण्यासारखं नाही. बँडनेच त्याला बोलावलं होतं. पण त्याने टिपलेली ड्रग्ज, हॉटेलांतला कंटाळा आणि रिकामेपण पाहून बँडनेच तो कोर्टात अडवला. मग तडजोड अशी झाली की फ्रँक स्वतः हजर असेल तरच, तेही मोजक्या वेळा, तो दाखवायचा. फ्रँक सप्टेंबर २०१९ मध्ये गेला. चार्ली वॉट्सही २०२१ मध्ये गेला. ज्या बँडने 'गिमी शेल्टर'मधला तो गोठलेला चेहरा जगाला पाहू दिला, त्याच बँडने हे रीळ कुलूपबंद ठेवावं हे मला पटत नाही. जॅगर आणि कीथ दोघेही हयात आहेत. त्यांनी तो चित्रपट नीट जतन करून, पूर्ण लांबीचा, सगळ्यांसाठी खुला करावा, आणि ते दोघे असतानाच करावा.