‘दार असलेली बाग’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक पादचारी’ यांस,

खासगी जागेतल्या, पण सर्वांना खुल्या असलेल्या बागांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “दार असलेली बाग सार्वजनिक नसते. वाढीव चटईक्षेत्र (म्हणजे जादा बांधकामाची परवानगी) मिळवायचा हा बिल्डरांचा देखावा. मालक मनात येईल तेव्हा हाकलतो. एसीत बसून नकाशे काढणाऱ्यांना हे कळायचं नाही.” वर न्यूयॉर्कमधल्या अशाच जागांच्या २००० सालच्या पाहणीचा दाखला आणि शेवटी एक हसरा चेहरा. उत्तर देणार नव्हतो. पण तो चेहरा दोन दिवस डोक्यातून जाईना.

आधी माझी चूक. न्यूयॉर्कच्या पेली पार्कमधला धबधबा मी २० मीटरांचा लिहिला होता. तो २० फुटांचा आहे. दुरुस्त केलंय. ही चूक दुसऱ्या एका वाचकाने दाखवली, आणि सभ्य भाषेत दाखवली, हेही सांगून टाकतो.

आता दार. अहो, पेली पार्कलाच दार आहे, रात्री ते बंदही होतं. जागा जेमतेम ४,२०० चौरस फूट, तीन बाजूंना भिंती, मालकी खासगी. तरी १९६७पासून माणसं तिथे येऊन बसताहेत. तिथली फरसबंदी दाराशी थांबत नाही, पदपथ ओलांडून रस्त्याच्या कडेपर्यंत येते. झाडंही पदपथावरूनच सुरू होतात. मग मोजक्या बुटक्या पायऱ्या. चालता चालता आपण आत कधी वळलो, ते पायांना कळतच नाही.

आत मागची भिंत म्हणजेच धबधबा, त्याच्या आवाजात गाड्यांचा गोंगाट बुडतो. खुर्च्या सुट्या आणि हलक्या. बसण्याआधी माणूस खुर्ची उगीच वीतभर सरकवतो, आणि तेवढ्याने ती जागा त्याची होते. (जमिनीत रोवलेल्या बाकांवर हे होत नाही. मी स्वतः रोवलेत, म्हणून सांगतो.) आणि हो, या बागेच्या बदल्यात कुणाला जादा मजले मिळाले नाहीत. सीबीएस या प्रसारण कंपनीचे प्रमुख विल्यम पेलींनी ती वडिलांच्या स्मरणार्थ बांधली. सगळे मालक पेली नसतात, हे मलाही कळतं.

“एसीत बसून” हे मात्र लागलं. एकोणीस वर्षं अशा बागांचे आराखडे काढायचं काम करतोय. माझ्या पहिल्याच बागेत पदपथाला लागून दीड फूट उंचीचा कट्टा काढला होता. महिन्याभरात मालकाने त्यावर लोखंडी टोकं ठोकली. पुढे तीन महिने रोज भर दुपारी समोर उभा राहून मी मोजत होतो: कितीजण थबकतात, कितीजण टोकं बघून पुढे जातात. ती वही अजून माझ्याकडे आहे. तीच मालकापुढे आपटली, तेव्हा टोकं निघाली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक करारात कट्ट्याची उंची, रुंदी आणि ‘वर काहीही बसवायचं नाही’ हे वाक्य असतं. तुम्ही कधी उन्हात उभं राहून असं मोजलंय?

बाकी मुद्दे पटकन. पाहणीतला आकडा बरोबर आहे, ५०३ जागांपैकी ४१ टक्के जवळपास निरुपयोगी. तिथल्या १९६१च्या नियमानुसार एक चौरस फूट मोकळ्या जागेपोटी दहा चौरस फुटांपर्यंत जादा बांधकाम मिळे आणि बाक ठेवायची सक्ती नव्हती. अटी कडक झाल्या १९७५मध्ये. दोष नियमाचा, आराखडा काढणाऱ्याचा नव्हे. हाकलण्याचं म्हणाल, तर २०११मध्ये ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’चे आंदोलक न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्येच का राहू शकले? महापालिकेच्या बागा रात्री बंद होतात. या खासगी जागेला परवानगीच्या अटीनुसार चोवीस तास खुलं राहणं भाग होतं. पुढे त्यांना हटवलं, ठाऊक आहे. तेवढं सांगायला परत लिहू नका.

देखभाल, सुरक्षारक्षक, मंजुरीनंतर तपासणी कोण करतं, याबद्दलही तुम्ही बरंच लिहिलंय. तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता.

पुन्हा लिहिणार असाल, तर नावानिशी लिहा. आणि तो हसरा चेहरा वगळा.